वाड्याचे दार आणि आपला उंबरा

आपल्या शहरात सध्या घर सजविण्याची एक नवी तऱ्हा आली आहे. नवी म्हणजे जुनीच. बीड बायपासला, सिडकोत, सातारा परिसरात बंगला बांधला की पुढचे दार 'वाड्याचे' हवे. चौकटीवर नक्षी, जाडजूड पितळी कडी, आत दोन सागवानी खांब, बैठकीत बंगई, कोपऱ्यात घंगाळ, घंगाळात पाणी आणि पाण्यावर फुले. खेड्यातील जुने वाडे पडत आहेत, वारस पुण्या-मुंबईला गेले आहेत, आणि त्या वाड्यांची दारे, तुळया, हस्त, देवळ्यांच्या चौकटी ट्रकमध्ये भरून शहरात येत आहेत. हमरस्त्यावरच्या हॉटेलांत तर बैलगाडीचे चाक, कंदील, उखळ आणि जाते मांडल्याशिवाय पिठले-भाकरी गिऱ्हाइकाच्या घशाखाली उतरत नाही असे दिसते!

आता ही हौस आपल्या घरांतही शिरली आहे. आपली मुले शिकली, नोकरीला लागली, कर्ज काढून का होईना स्वतःची घरे झाली. घर सुंदर असावे असे वाटणे गैर नाही. उलट ज्याच्या आज्याने पालापाचोळ्याच्या छपराखाली आयुष्य काढले त्याच्या नातवाने चार वस्तू निवडून, पारखून घरात आणाव्यात याचा आनंदच वाटला पाहिजे. बाबासाहेबांना चांगल्या वस्तूंची आवड होती हे काही गुपित नाही. उत्तम पेन, उत्तम शिवलेला सूट आणि पुस्तकांना पुरेल असे घर हवे म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेले राजगृह. दारिद्र्याचे गोडवे गाणे हे आपले तत्त्वज्ञान कधीच नव्हते. तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. 'पारंपरिक' या शब्दाखाली बाजारात जे विकले जाते ती परंपरा नेमकी कोणाची, हा प्रश्न आहे.

वाड्याचे दार घ्या. मराठवाड्यातील गढी असो की वाडा, दारातून आत गेले की आधी ढाळज लागते, मग चौक, मग ओसरी, मग माजघर. या प्रत्येक टप्प्यावर कोणी थांबायचे हे ठरलेले होते. कुळाने ढाळजेत बसायचे, सुतार-लोहाराने चौकापर्यंत यायचे. आपल्या आज्याने तर दाराबाहेर, वळचणीलाही न लागता, घोंगडी आणि काठी घेऊन 'जोहार मायबाप' म्हणत उभे राहायचे. वाड्यावरची फाटी त्याने फोडायची, सांगावा त्याने पोचवायचा, मेलेले ढोर त्याने ओढायचे, पण तो उंबरा त्याने ओलांडायचा नाही. उंबऱ्याच्या आतून भाकर वरून टाकली जायची आणि खाली पदर पसरलेला असायचा. आज ज्या कडीला आपण ब्रासो लावून चकचकीत ठेवतो, त्या कडीला हात लावण्याची आपल्या आज्याला मुभा नव्हती. दुकानदार हे सांगत नाही. तो फक्त सांगतो, 'साहेब, शंभर वर्षांचा साग आहे, वाळवी लागणार नाही.' सागाबद्दल त्याचे म्हणणे बरोबर असेलही.

तीच गोष्ट पितळेची. हंडे, कळश्या, तपेली, बंब यांची रांग मांडली की घराला खानदानी रूप येते म्हणतात. पण आपल्या घरात पिढीजात तांब्या-पितळेची रास का नाही, याचा विचार आपण करतो काय? केवळ गरिबी हे त्याचे उत्तर नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यांत खावे, मृतांची वस्त्रे नेसावीत आणि दागिने लोखंडाचे घालावेत असे फर्मावले आहे. ही केवळ पोथीतील गोष्ट होती असे कोणी म्हणेल तर त्याने १९३६ चे 'जातिनिर्मूलन' उघडून पाहावे. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये बऱ्या स्थितीतील काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, तेव्हा सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला, ही घटना बाबासाहेबांनी त्यात नोंदविली आहे. गुन्हा काय? डोक्यावर मडक्याऐवजी धातूचा हंडा होता! ज्या समाजाला हंडा बाळगण्यासाठी मार खावा लागला, त्याच्या घरात शंभर वर्षांचा हंडा येणार कोठून? म्हणून बाजारातील 'परंपरा' ही अपरिहार्यपणे दुसऱ्याच्या घरची परंपरा असते. ज्याला जमा करता आले त्याचेच आज अँटिक झाले.

जे थोडेफार जमले तेही राहू दिले नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यातील आपल्या वस्त्या पेटल्या. नामांतराचा, म्हणजे प्रत्यक्षात नामविस्ताराचा, दिवस उजाडायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांचा हिशेब मांडताना आपण माणसे मोजतो आणि ते योग्यच आहे. पण त्या जळालेल्या घरांत काय काय होते? मी व्यवसायाने वकील. जळिताचे पंचनामे वाचण्याची सवय आहे. त्यांत एक ठराविक शब्दप्रयोग असतो, 'संसारोपयोगी साहित्य जळून खाक'. झाले! एका बाईने तीस वर्षांत एकेक करून जमविलेली भांडी, लग्नात आलेली लोखंडी पेटी, दीक्षेच्या वेळचा फोटो, मुलाची सनद, सासूचे जाते, सारे त्या दोन शब्दांत बसते. उलट बड्या घराण्यातील वाटपाच्या दाव्याला जोडलेली जंगम मालमत्तेची यादी पाहा. पलंग शिसवी, नक्षीचा, नग एक. घंगाळ तांब्याचे, कडीसह, नग दोन. झोपाळा पितळी साखळ्यांसह. पानेच्या पाने. एकाच न्यायालयाच्या एकाच कपाटात या दोन्ही प्रकारच्या फायली असतात.

आमच्या परिचयाचे एक प्राध्यापक आहेत. नाव सांगण्याची गरज नाही, कारण असे अनेक आहेत. त्यांनी सिडकोतील घराला असेच एक जुने दार बसविले. वर गणेशपट्टी होती, ती सुताराकडून काढून घेतली आणि त्या जागी धम्मचक्र कोरून घेतले. मी थोडा चेष्टेने म्हणालो, 'सर, हे दार ज्या वाड्याचे, तेथे आपल्या माणसांना उभे करीत नव्हते.' उत्तर त्यांनी दिले नाही, त्यांच्या आईने दिले. वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, 'वकीलसाहेब, असल्या दाराच्या आत मी जल्मात पाय टाकला न्हाई. आता रोज त्याच्यातून जाती अन् येती. मला तर लई बरं वाटतं.' मी निरुत्तर झालो. पण पुढे त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, 'समदं आणलं बाबा तू. माझं जातं तेवढं कुठं घातलंस?'

जाते गावाकडचे घर पाडताना गेले होते. कोणी नेले, कोठे गेले, सरांना सांगता येईना. त्याच बैठकीत विकत आणलेले एक जाते मात्र होते. त्यावर काच ठेवून त्याची चहाची टीपॉय केली होती.

या प्रसंगावरून कोणी असा अर्थ काढू नये की मी वाड्याचे दार फेकून द्यायला सांगतो आहे. आईंच्या आनंदापुढे माझी वकिली चालणार नाही, चालू नये. शिवाय ते दार पाटलाने किंवा देशमुखाने घडविलेले नाही. त्याने पैसे दिले असतील, बहुधा तेही नाही, बलुत्याचे चार पसे दिले असतील. ते दार घडविले सुताराने. कडी-कोयंडा लोहाराने ठोकला, पितळ तांबटाने ओतले. बाजेचा दोर मांगाने वळला. वाड्याच्या माथ्यावर मालकाचे नाव असते, बांधल्याचे साल असते. कोरणाऱ्याचे नाव शोधून सापडत नाही. जातिव्यवस्थेने कारागिराला हात ठेवले आणि नाव काढून घेतले.

हे असेच चालत आले आहे असे मात्र समजू नका. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तेथील ब्राह्मी लेखांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. वेणुवासाचा पुत्र सामी, सुतार, याने हे दार केले, असा त्याचा आशय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दार करणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव आणि धंदा त्याच दारापाशी कोरला गेला. राजे, व्यापारी, भिक्षू यांच्या नावांच्या बरोबरीने तो सुतार तेथे उभा आहे. त्या चैत्याच्या छताला लाकडी कमानींच्या फासळ्या आहेत, त्याही पाहाव्यात. लाकूड इतके जुने आणि जागच्या जागी, अशी उदाहरणे जगात फार नाहीत.

एवढ्या लांबही जायला नको. आपल्या शहरापासून तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील दहा क्रमांकाच्या लेण्याला लोक 'विश्वकर्मा' म्हणतात, कोणी 'सुतार का झोपडा' म्हणतात. का? तर आतले छत दगडात असूनही लाकडी वाशांचे वाटावे असे कोरले आहे. सातव्या शतकातील ते बौद्ध लेणे. लाकडाचे विहार आणि चैत्य काळाच्या ओघात गेले, पण सुताराची कारागिरी पाथरवटाने दगडात उतरवून ठेवली. आणि तेथे भगवान बुद्ध कसे बसले आहेत? मांडी घालून नव्हे. आसनावर, दोन्ही पाय खाली सोडून, आपण खुर्चीवर बसतो तसे, आणि उपदेश करीत आहेत. ज्यांना घरासाठी 'जुन्या पद्धतीचा' नमुना हवा आहे त्यांनी आपल्या सुताराला घेऊन एक रविवार वेरूळला आणि एक अजिंठ्याला घालवावा. अजिंठ्याच्या चित्रांत आसने आहेत, लोड-तक्के आहेत, पडदे आहेत, खांबांवरचे वेलबुट्टीचे काम आहे. गणेशपट्टी खरवडून तेथे चक्र बसविण्यापेक्षा कमळाची अख्खी नवी पट्टी कोरून घ्यावी, आणि पट्टीच्या मागच्या बाजूस सुताराचे नाव व साल लिहून घ्यावे. सामीला जे मिळाले ते आजच्या सुतारालाही मिळू द्या.

हिमरूबद्दलही हेच. उशांचे अभ्रे, पडदे, शाली यांसाठी आपल्या शहराचे हे विणकाम जगभर ओळखले जात होते. आता हातमागावर विणणारे फार थोडे उरले आहेत. यंत्रावरचे नकली कापड स्वस्त मिळते म्हणून ते घेऊन 'ट्रॅडिशनल' म्हणवून घेण्यात अर्थ नाही. एकच अभ्रा घ्या, पण मागावरचा घ्या.

बुद्धमूर्तीसंबंधी थोडे कडक बोलावे लागेल. सजावटीच्या दुकानांत बुद्धाचे नुसते मस्तक मिळते. फायबरचे, पितळेचे, 'अँटिक फिनिश'चे. हॉटेलच्या स्वागतकक्षात, स्पामध्ये, कधी बारच्या काउंटरवरही ते ठेवलेले असते. आपलीही मंडळी ते भेट म्हणून देतात. हे नुसते मस्तक आले कोठून? आपल्या शिल्पकारांनी बुद्धाची मस्तके सुटी अशी घडविली नाहीत, त्यांनी मूर्ती घडविल्या. गांधार, कंबोडिया, जावा येथील मूर्तींची मस्तके तोडून ती युरोप-अमेरिकेच्या बाजारांत नेली गेली, कारण धड जड असते आणि मस्तक पेटीत मावते. लुटीच्या सोयीतून जन्मलेला हा आकार पुढे फॅशन झाला. थायलंडमध्ये बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही असे पर्यटकांना बजावणारे फलक लागले, तेथून बुद्धप्रतिमा बाहेर नेण्यास परवाना लागतो. आणि आपण मात्र तोडलेले मस्तक टीव्हीच्या बाजूला ठेवतो! घरात मूर्ती ठेवायची तर पूर्ण ठेवा, नाही तर पंचशीलाचा एक फलक पुरे.

पिप्रहवा येथील प्रकरण ताजे आहे. १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने तेथील स्तूप खणला. बुद्धधातूंसोबत जी रत्ने निघाली त्यांतील काही त्याच्या कुटुंबाकडे राहिली. ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला सदबीज या कंपनीमार्फत त्यांचा लिलाव होणार होता. भारत सरकारने नोटीस दिल्यावर तो थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात आली. आली ती एका उद्योगसमूहाने विकत घेतल्यामुळे. म्हणजे जे स्तूपात श्रद्धेने अर्पण केले होते ते सव्वाशे वर्षे कोणाच्या तरी घरची ठेव होते आणि परत आणताना पैसे मोजावे लागले. जुन्या वस्तूंच्या बाजाराची हीच रीत आहे. वस्तू कोणाकडून आली हे तो विचारतो, कोणाची होती हे विचारीत नाही.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो, कारण लोक फसतात. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरते. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. दगडी, धातूच्या किंवा लाकडात कोरलेल्या जुन्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते. तेव्हा एखादा विक्रेता 'लेण्याजवळच्या शेतात सापडलेली मूर्ती' स्वस्तात देऊ करील तर तिला हात लावू नका, तो मोह तुम्हाला पोलीस ठाण्यात नेईल. भिंतीवर लावायला सांबराचे शिंग किंवा हस्तिदंताची डबी घेत असाल तर वन्यजीव संरक्षण कायदाही आहे. लाकडी सामानात शिक्षेपेक्षा फसवणूक अधिक. जोधपूरकडे जुन्यासारखे दिसणारे नवे फर्निचर मोठ्या प्रमाणावर बनते. तसे सांगून विकले तर त्यात काही गैर नाही. पण नवे लाकूड साखळीने ठोकून, रंग देऊन, पुन्हा घासून शंभर वर्षांचे म्हणून गळ्यात मारले जाते. दुकानदाराला पावतीवर 'जुने, अंदाजे इतक्या वर्षांचे' असे लिहून मागा. त्याने टाळाटाळ केली की काय ते समजा.

आणि आता सरांच्या आईंचे जाते. आपण आपल्या जुन्या वस्तू टाकल्या, त्यालाही कारण होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटविणारे हातापायांतले ते दागिने टाका, लुगडे नीट नेसा. बायांनी ऐकले. धर्मांतरानंतर देव्हारे गेले, टाक गेले, घोंगडी-काठी गेली. जे गुलामीचे बिल्ले होते ते जायलाच हवे होते. त्याबद्दल हळहळ नको. परंतु बिल्ला वेगळा आणि साक्षीदार वेगळा, हा फरक पुढच्या पिढीने केला नाही. जाते हे गुलामीचे चिन्ह नव्हते. त्याच जात्यावर आपल्या बायांनी भीमाच्या ओव्या गायिल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. ओव्या वाचल्या. ती जाती कोठे आहेत?

तशाच आणखी वस्तू प्रत्येक घरात असतील. नागसेनवनात शिकायला आलेल्या मुलाची पत्र्याची ट्रंक. आजोबांनी ज्याच्या उजेडात चौथीचा अभ्यास केला तो कंदील. गिरणीतला डबा. पँथरच्या मोर्चात धरलेली पाटी. चळवळीतल्या शाहिराची ढोलकी. यांना बाजारात किंमत नाही, म्हणून त्या भंगारवाल्याला किलोवर जातात. नानकचंद रत्तूंनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू सांभाळल्या आणि वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नाने त्या नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आल्या, म्हणून त्या आज डोळ्यांनी पाहता येतात. रत्तूंच्या हाती त्या पडल्या तेव्हा त्याही एका वापरत्या माणसाच्या घरातील वापरलेल्या वस्तूच होत्या.

बैठकीत घंगाळ ठेवायला जागा असेल तर ट्रंकेलाही असते. तिला गंज लागू नये म्हणून आतून-बाहेरून घासून तेलाचा हात द्या, पण वरचे रंगाने लिहिलेले नाव-गाव खरवडू नका. नवा रंग तर मुळीच नको.

कागदपत्रांचे वेगळे. त्याच १९७२ च्या कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्राला शंभर नव्हे, पंचाहत्तर वर्षांची अट आहे. म्हणजे 'मूकनायक' किंवा 'बहिष्कृत भारत'चा एखादा अंक तुमच्या पेटीच्या तळाशी असेल तर तो आजच पुरावस्तू ठरू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा सोहळ्याची पत्रके २०३१ साली पंचाहत्तर वर्षांची होतील. त्या आधी ती तुमच्या घरात असली पाहिजेत. लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिकमध्ये एकदा गरम करून दाबलेला कागद पुन्हा सुटत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी, सपाट ठेवा. फोटो असेल तर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून त्यातील एकेका माणसाचे नाव विचारा आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहा. शाई नको, ती पुढच्या बाजूला फुटते. हे काम या पौर्णिमेलाच करा, कारण नावे सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढे आहेत.